एका ओतीत

मी उद्यमबागेत सीएनसीवर उभा असतो.
पंपाचे तुकडे कापतो. केसाच्या जाडीचा फरकही चालत नाही.
खोकी जर्मनीला जातात.
तिकडून काही येत नाही,
नाकारलेला माल सोडला तर.

यंदा एक फोटो आला.
खानापूरच्या पुढल्या लहान इगर्जीचे फादर इनास रिबेलो
तो घेऊन आमच्या ओसरीवर बसले, चहा निवेपर्यंत बोलले:
हजार वर्षांपूर्वीचं दार. काशाचं.
दोन फळ्या, जवळजवळ तीन पुरुष उंच,
आणि माणसं फळीतून पुढं झुकलेली, डोकी सुटी,
जणू बाहेरून कुणी हाक मारली आहे.
"कल्लाप्पा, एवढं नको. चारच चौकटी. जमंल?"

बाबांनी फोटो उलटा करून बघितला.
दाराची पाठ कशी असेल ते त्यांना हवं होतं.
"एक फळी किती तुकड्यांत?"
"एकाच ओतीत, म्हणतात."
बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.
"किती मुशी एकदम उचलल्या असतील.
आणि एकाचाबी पाय घसरला नाही."

"नाव कुणाचं हाय त्यावर?"
बिशपचं. त्यानंच करवून घेतलं. सालही घातलं.
"आणि ओतणाऱ्याचं?"
फादर चष्मा पुसायला लागले.
"असू दे की. तुम्हीबी घाला दात्यांची. आमचं काय अडलंय."

तीन रविवार बैठक चालली.
नावं कानडीत घाला. मराठीत घाला.
म्हातारे म्हणाले, रोमी अक्षरांत कोंकणी,
आम्ही प्रार्थना तशीच शिकलो.
कुठलं वर, कुठलं किती बोटं मोठं,
कचेरीतून माणूस पट्टी घेऊन येईल तेव्हा काय दाखवायचं.
तेवढ्यात तांब्याचा भाव चढला.

पैसे पुरेनात, मग भांडी आली.
सांतान डिसोजाच्या लग्नातलं घंगाळ.
अंगडीकाकूंची काशाची ताटली, काठावर कानडीत नाव ठोकलेली.
नंदगडच्या एकानं समईचा नुसता बुडखा दिला, वरचं भावाकडं आहे म्हणाला.
बांगड्यावाल्या हसीनाबीची कलई उडालेली देगची:
नाव नव्हतं, चंद्राएवढा पोचा होता.

बाबा मेणात राळ कालवत बसले.
वारुळाची माती, साळीचा कोंडा, शेण.
आदम बाईकडं बोट दाखवतो, बाई सापाकडं.
"बघ की," बाबा म्हणाले, "बैठकीसारखंच."
सापाला बोट नाही म्हणून तो तेवढा गप्प.

ओतायच्या रात्री मी सुट्टी टाकली.
सांडशी धरायला दुसरं कोण आहे घरात?
पितळेचा पांढरा धूर निघाला. मी म्हटलं, हे शुद्ध काशाचं राहिलं नाही.
"त्या बिशपच्या कढईत काय काय पडलं असंल,
कुणी वाकून बघितलंय?"
मुशीत ताटलीचा काठ वर होता.
ठोकलेली अक्षरं तापून एकदा लख्ख दिसली,
मग खचली. पुढचं भांडं टाकलं.
चि. सौ. कां. यल्लू हिस आईकडून:
हे मी वाचेपर्यंत तांब्या आत गेला होता.
बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही.

दार लागलं. थोडं घासतं,
पावसात चौकट फुगली की खांदा लावावा लागतो.
खालची पट्टी कोरीच आहे. बैठक अजून चालू आहे.

आई एकदाच आली. चप्पल बाहेर काढली,
इथं काढत नाहीत सांगितलं तरी काढली.
आदमवर नाही, बाईवर नाही,
कोपऱ्यातल्या मोकळ्या जागी तिनं टिचकी मारली,
बाजारात भांडं घेताना मारते तशी,
आणि कान लावला.

"आवाज बदललाय," म्हणाली.
मग आणखी एकदा मारली.